हिनं पथ्य मोडलं

"नाक दाब आणि एका दमात घे," आई म्हणाली.

मी डोळे चोळत उठून बसले. बाहेर नुसतं फटफटलं होतं. आई माझ्या उशाशी स्टीलचा लांबोडा पेला घेऊन उभी होती. पेल्यात काठोकाठ हिरवंगार. पालक, आंबट चुका, बिटाचा पाला, सगळं मिक्सरला फिरवून फडक्यानं पिळलेलं आणि वरनं आवळ्याचा रस.

"आई, आधी घोटभर चहा..."

"चहाचं नाव काढायचं नाही. दिनूमामानं काय सांगितलंय? उपाशीपोटी. घे बघू."

मी नाक दाबलं आणि प्याले. दात असे खरखरीत झाले की जीभ लावावीशी वाटेना. आईनं रिकामा पेला काढून घेतला, पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं आणि गालावरनं हात फिरवला.

"शहाणी माझी बाई ती," ती म्हणाली.

मी तेव्हा अडतीस वर्षांची घोडी झाले होते. आईनं माझ्या गालावरनं असा हात फिरवल्याचं त्याआधीचं मला काही आठवत नव्हतं. खोटं कशाला बोलू, रसाची किळस यायची, पण त्या हाताची मला चटक लागली होती.

माझं नाव चारुशीला. बारशाच्या वेळी आईबापांना कुठं ठाऊक होतं की पोरगी पुढं दोन माणसांची जागा अडवणार आहे! लहानपणापासून अंगानं जाडच. स्थळं आली, पोहे खाऊन गेली. "मुलगी जरा तब्येतीनं आहे," एवढंच कळवायची. पुढं पुढं पोहे मीच करायची, त्यामुळं ताटल्या तरी चाटूनपुसून जायच्या. मग एके दिवशी मी सांगून टाकलं, आता बास, ज्यांना माझ्या हातचं खायचंय त्यांनी पैसे देऊन खावं. सांगलीत विश्रामबागेत गाळा घेतला आणि पोळीभाजी केंद्र काढलं. गाळ्यामागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. केंद्र असं चाललं की दुपारी रांग लागायची. आई मात्र भेटली की म्हणायची, "विकतेस किती आणि खातेस किती, काय हिशेब आहे का?"

आमचं मूळ दुकान भांड्यांचं, गावात. तांबं, पितळ, स्टील. तिथं अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि माझा धाकटा भाऊ हर्षद बसायचे. हर्षद घरातला लाडका. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही, कारण मीच त्याला कडेवर घेऊन वाढवला होता. माझ्या हातची वांग्याची भाजी म्हणजे त्याचा जीव की प्राण. अशा त्या पोराच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब होता, डोकं दुखायचं, गोळी घेऊन गप बसायचा. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आठवड्यातनं तीनदा मिरजेला डायलिसिस सुरू झालं. तेल लावल्यागत तुकतुकीत होता, तो राखेसारखा दिसायला लागला.

एका संध्याकाळी आईनं मला घरी बोलावून घेतलं. सगळे बसले होते. अण्णा, दिनूमामा आणि हर्षदची बायको मीनल. हर्षद आत झोपला होता.

"किडनी बसवायला लागणार," आई म्हणाली. "घरातल्याच कुणाची तरी. माझी साखर वाढलेली, मला डॉक्टरांनी आधीच नाही म्हणून सांगितलं. मीनलचा रक्तगट जुळत नाही. ह्यांचं वय झालं. राहिलीस तू."

अण्णा पान लावत होते. पानावरनं चुन्याचं बोट फिरवत होते, फिरवत होते, थांबेचनात. मीनल खाली मान घालून फरशीकडं बघत होती. मला तेव्हा वाटलं, नवऱ्याच्या काळजीनं.

"मग एवढं तोंड पाडून कशाला सांगताय?" मी म्हणाले. "घ्या की. एकावर भागतं म्हणतात ना? माझी तर चांगली धष्टपुष्ट असेल."

आई रडली. उठून आली आणि तिनं मला जवळ घेतलं. तिच्या खांद्याला हिंग आणि खोबरेल तेलाचा वास होता. मला वाटलं, एवढ्यासाठी दोन्ही द्याव्या लागल्या असत्या तरी दिल्या असत्या.

माझं रक्त जुळलं. पण मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी, कित्तूर त्यांचं आडनाव, मला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली.

"एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन करता येणार नाही. धोका तुम्हालाच आहे. आधी वजन उतरवा. रोज चाला, दोन घास कमी खा. चार-सहा महिन्यांत होईल. घाई नको. तोपर्यंत हर्षद डायलिसिसवर नीट राहील."

"चार-सहा महिने?" दाराबाहेर आल्यावर आई मटकन बाकावर बसली. "तोवर माझं लेकरू टिकायचं का?"

तिथं दिनूमामा पुढं झाला. हा आईचा धाकटा भाऊ. वीज मंडळातनं निवृत्त झाला, गुडघे धरले म्हणून कुठल्यातरी निसर्गोपचाराच्या शिबिराला गेला आणि तिथनं बरा होऊन आला. खरंच बरा होऊन आला, त्यात खोटं नाही. पण तेव्हापासून ज्याला त्याला रस पाजत सुटला होता.

"अक्का, तू काळजी करू नकोस," तो म्हणाला. "एकवीस दिवस नुसत्या हिरव्या रसावर ठेवू हिला. अन्न बंद. वजन तर उतरेलच, वर सगळं शरीर आतनं धुऊन निघेल. किडनी अशी लखलखीत होऊन निघेल की डॉक्टरच तोंडात बोट घालतील. आपल्या दुकानात काळा पडलेला तांब्या चिंच लावून घासला की कसा दिसतो? अगदी तस्सं!"

भांडी विकणाऱ्यांच्या घरात ह्याच्याहून पटणारं काय सांगणार? आईला ते लगेच पटलं. माझ्याही डोळ्यापुढं तांब्या आला.

"पण मामा," मी म्हणाले, "पालक, चुका ह्या असल्या भाज्या आपण नुसत्या खात नाही. ताकात करतो, डाळ घालतो. उगीच का? निदान पेलाभर ताक घेऊ दे बरोबर."

"दूधदुभतं बंद! कफ होतो. मग रस काय काम करणार?" मामा म्हणाला. "तू स्वैपाकीण आहेस चारू, वैद्य नव्हेस. आयुष्यभर चव बघितलीस, आता जरा शरीराकडं बघ."

सगळे हसले. मीही हसले. अंगावर आलेला विनोद आपणच आधी हसून घ्यायचा, हे मी शाळेत असतानाच शिकले होते.

आई माझ्याकडं राहायला आली. माझ्यावर लक्ष ठेवायला म्हणून आली, पण आली. सकाळी पेला, दुपारी पेला, संध्याकाळी पेला. बाजारात जाऊन स्वतः पालक निवडून आणायची. केंद्र बंद ठेवणं परवडत नव्हतं. दिवाळी तोंडावर, चकल्या-चिवड्याच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या. मी उपाशीपोटी कढईपुढं उभी राहायची. चव बघायची बंदी, त्यामुळं मीठ अंदाजानं.

"चारूताई, आमटी आज समुद्रातनं आणली का हो?" गिऱ्हाइकं विचारायची.

"चवीला बंदी आहे, भावाला किडनी द्यायचीय," मी सांगायची. मग तीच माणसं हात जोडायची. "धन्य आहे बाई तुमची! अशी बहीण पाहिजे." हे ऐकायलाही गोड लागायचं. रस सोडला तर तेव्हा मला सगळंच गोड लागत होतं म्हणा ना.

सुरुवातीला अंग हलकं वाटलं. ब्लाउज ढिले झाले. वजन भराभरा उतरायला लागलं तसा आईचा चेहरा फुलायला लागला. मग डोकं दुखायला लागलं. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. तोंडाला पितळेची चव, आणि श्वासाला असा वास की मीच पदर तोंडावर धरून बोलायची.

"विष बाहेर पडतंय," मामा म्हणाला. "चांगलं लक्षण."

मग मळमळ सुरू झाली. पेला नुसता दिसला तरी पोटातनं ढवळून यायचं.

"विष बाहेर पडतंय."

मग लघवी कमी झाली. दिवसभर रस ढोसून जेमतेम होईना. पाय सुजले, चपलेचा पट्टा रुतायला लागला. कंबरेत मागच्या बाजूला कुणीतरी दगड ठेवल्यागत जड.

"मामा, आता हे काय? जातंय तेवढं बाहेर येत नाही."

"अगं, वर्षानुवर्षांचं साठलेलं आहे. तू खाल्लंयस का थोडं? निघायला वेळ लागणार. आता मधेच सोडलंस तर सगळं मुसळ केरात."

आई माझे पाय चेपत बसायची. होय, माझी आई, माझे पाय! "थोडे दिवस राहिले गं," म्हणायची. "माझ्या हर्षदसाठी. तुझे उपकार मी ह्या जन्मात फेडणार नाही." त्या हातांखाली मी गप पडून राहायची. डॉक्टरीणबाईंना फोन करावा असं एकदा मनात आलं होतं. आई म्हणाली, "कशाला? त्या आणि चार महिने लांबवतील." मी फोन ठेवून दिला.

एका दुपारी हर्षद रिक्षानं आला, मला बघायला. खुर्चीत बसला आणि माझ्या हातातल्या पेल्याकडं बघत राहिला. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. उन्हातनं आला तरी आईनं त्याला दोन घोट दिले आणि तांब्या उचलून आत नेला.

"ताई, काय गंमत बघ," तो म्हणाला. "तुला नको असताना लोक दिवसभर पाजतात आणि मला मेलं पाणी मिळत नाही."

"घे माझ्यातलं. तुझ्याच किडनीला चाललंय."

तो हसला नाही. माझ्या सुजलेल्या पायांकडं बघून म्हणाला, "ताई, जमत नसेल तर सोड."

"गप रे. आता कुठं माझी कंबर दिसायला लागलीय."

"खरंच सांगतोय. सोड. काहीतरी..." एवढं बोलून तो थांबला. आई दारात उभी होती. मग तो उठला आणि गेला. काहीतरी म्हणजे काय, ते मी तेव्हा विचारलं नाही.

एकवीस दिवस पुरे झाले त्या सकाळी आईनं मला ओवाळलं. खरोखर निरांजन लावून ओवाळलं. आम्ही सगळे मिरजेला गेलो. मी काट्यावर उभी राहिले. काटा हवा तिथं थांबला. आईनं तिथल्या तिथं देवाला हात जोडले, मामानं मिशीवरनं बोट फिरवलं. "काय म्हणालो होतो?"

डॉक्टरीणबाई मात्र काट्याकडं बघत नव्हत्या. माझ्या पायांकडं बघत होत्या. त्यांनी पायावर बोट दाबलं. खळगा पडला तो वर येईना. त्यांनी तिथंच रक्त काढायला लावलं आणि मला घरी सोडलंच नाही. वॉर्डात घेतलं. पुढं पाठीतनं सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासला. ते सगळं होईपर्यंत मी ओकत होते आणि आई बाहेर विचारत होती, "मग ऑपरेशन दिवाळीआधी की नंतर?"

डॉक्टरीणबाई माझ्या खाटेशी येऊन बसल्या. आई, मामा, मीनल उभे होते. अण्णा खिडकीशी.

"तुम्ही नक्की काय घेत होता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पालक, चुका, बिटाचा पाला, आवळा.

"रोज? किती?"

मी हातानं पेल्याची उंची दाखवली. त्यांनी डोळे मिटले.

"बरोबर दूध, दही, ताक काही?"

"बंद होतं."

"ह्या पाल्यांत एक क्षार असतो," त्या म्हणाल्या. "पालक खाल्ल्यावर दात खरखरतात ना, तोच. भाजीत खाल्ला, ताकाबरोबर खाल्ला, तर पोटातच बांधला जातो आणि निघून जातो. तुम्ही नुसता रस प्यालात, उपाशीपोटी, ढिगानं. तो सगळा रक्तात गेला आणि किडनीत जाऊन खडे होऊन बसला. बारीक, काचेच्या चुऱ्यासारखे. दोन्ही किडन्यांत."

"पण विष बाहेर..." मामा म्हणाला.

"विष बाहेर काढायचं काम किडनी करते, काका. तुम्ही तिलाच मारलंत."

भांडी विकणाऱ्यांच्या घरातली मी, मला ते चटकन कळलं. भांडं घासून घासून लोक कल्हई घालवतात, आणि मग त्याच भांड्यातलं अन्न कळकतं. माझी कल्हई गेली होती.

"बऱ्या होतील ना पण?" आईनं विचारलं. मला वाटलं, माझ्या काळजीनं विचारतेय. पुढं म्हणाली, "म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी घेता येईल ना हिची?"

"आई, ह्यांची आता कधीच घेता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ह्यांची ह्यांना पुरली तरी नशीब."

त्या गेल्या. मी आईकडं बघत होते. खरं म्हणजे वाट बघत होते. तिनं जवळ यावं, पदरानं तोंड पुसावं, नुकतीच ओकले होते मी. आई जवळ आली.

"काय खाल्लंस?" तिनं विचारलं.

"काय?"

"चोरून काय खाल्लंस, खरं सांग. ऑर्डरीच्या चकल्या तळत होतीस. एवढी माणसं रस पितात, दिनूचे गुडघे बरे झाले, मग तुलाच कसं बाधलं? तुझा जिभेवर ताबा कधी होता का? एकवीस दिवस, चारू, एकवीस दिवस तुला भावासाठी कळ काढता आली नाही?"

"आई, मी शपथेवर सांगते, कणसुद्धा..."

"पथ्य मोडलंस तू. माझ्या लेकराचा घास घेतलास."

मामाचा चेहरा एकदम सुटल्यागत झाला. "तरीच!" तो म्हणाला. "पथ्य मोडलं की रस उलटतो. शिबिरात सांगितलंच होतं आम्हाला."

आणि तेव्हा मीनल, जी आमच्या घरात कधी सासूपुढं तोंड वर करून बोलली नव्हती, ती एकदम ओरडली.

"बास करा हो आई! ताईंना काय बोलताय? मामंजींची जुळली होती की नाही? सगळ्यात आधी त्यांचीच जुळली होती!"

खिडकीशी अण्णा तसेच उभे राहिले.

"कसली जुळली?" मी विचारलं.

"किडनी. तुम्हाला बोलावून घेतलं त्याच्या आधी. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं काही नाही, तब्येत ठणठणीत आहे, चालेल. आईंनी नाही म्हणून सांगितलं." मीनल रडायला लागली. "मला बोलू नको म्हणाले सगळे. माझा नवरा वाचायला पाहिजे होता ताई, मी गप बसले."

"अण्णा?" मी म्हणाले.

अण्णांनी वळून बघितलं. साठी ओलांडलेला माणूस, पण पाण्यानं भरलेला हंडा एका हातानं उचलायचा.

"तुझी आई म्हणाली..."

"आईचं नाही विचारत. तुमचं विचारतेय."

"मी तयार होतो," अण्णा म्हणाले. "म्हणजे, नाही म्हणालो नव्हतो. दुकान होतं. तुझी आई म्हणाली, चारू आहे की."

"मग?" आई म्हणाली. ती अजिबात वरमली नव्हती. "काय चुकलं माझं? एका बाजूला लेकरू, एका बाजूला कुंकू. दोघंही एकदम टेबलावर घालू होय मी? बरंवाईट झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं होतं? तुझं तसं नाही ना बाई. तुझ्या मागं कोण आहे? नवरा ना पोर. तुला काही झालं असतं तर..."

तिथं ती थांबली. तिला वाईट वाटलं म्हणून नव्हे. पुढचं सांगायची गरजच नाही असं तिला वाटलं.

मला विचारलं असतं तर मी दिलीच असती. अण्णांची जुळलीय पण आई घाबरतेय, असं मोकळं सांगितलं असतं तरी दिली असती. मला फक्त 'राहिलीस तू' म्हणाले. मला वाटलं होतं, माझ्यावाचून अडलंय. जन्मात पहिल्यांदा माझ्यावाचून कुणाचं तरी अडलंय. त्या भांडवलावर मी ते हिरवं पाणी प्यायले होते.

दुसऱ्या दिवशी मी नर्सबाईंच्या मागं लागून चाकाच्या खुर्चीवरनं डायलिसिसच्या खोलीत गेले. हर्षद तिथं होता, हाताला नळ्या लावलेल्या. मला बघून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

मशीन गुरगुरत होतं. तो म्हणाला, "होतं."

"त्या दिवशी हेच सांगणार होतास?"

"सांगणार होतो. मग आई आली. मग मला वाटलं, तू खरंच सोडलंस तर? अण्णांना आई देऊ देणार नाही, आणि तू सोडलंस तर?" त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. डोळे भरले होते. "मला मरायचं नव्हतं गं ताई."

त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून आले होते. त्याचं मनगट बघितलं. इतकं बारीक झालं होतं की मी कडेवर घेऊन फिरवायची तेव्हाचं आठवलं. मी त्याचा हात धरून बसले. त्याच्यावर मला रागावता आलं नाही, आजही येत नाही. पण त्याच्यासाठी वांग्याची भाजी मी पुन्हा कधी केली नाही.

शेवटी अण्णांनीच दिली. दुसरं द्यायला कोण होतं? आईनं देव पाण्यात घातले, रडून गोंधळ घातला, पण ऑपरेशन झालं आणि अगदी व्यवस्थित झालं. दहा-बारा दिवसांत अण्णा घरी आले आणि दोनेक महिन्यांत गल्ल्यावर बसले. हर्षदच्या तोंडावर रंग आला. भांडी व्यापाऱ्यांच्या संघटनेनं अण्णांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि त्यांच्याच दुकानातनं घेतलेला तांब्या. 'पित्याचं काळीज' असं कुणीतरी भाषणात म्हणालं. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. वाजवायला काय जातंय!

माझ्या किडन्या अर्ध्यावर आल्या आणि तिथंच थांबल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपलंत तर बरीच वर्षं जातील. जपते. मीठ बेताचं, डाळी बेताच्या, पाणी त्या सांगतील तेवढं. केंद्र चालू आहे. मजा म्हणजे मी बारीक झाले ती झालेच, परत काही अंग धरलं नाही. आता लोक म्हणतात, चारूताई, कसलं डाएट केलंत?

ह्या सगळ्याला बरीच वर्षं झाली. अण्णा परवापरवापर्यंत होते, झोपेतच गेले. किडनीचा काही संबंध नव्हता. आई हर्षदकडं असते. दिवाळीला मी जाते. ओवाळते, हर्षद मान खाली घालून ओवाळणी घालतो, उठते.

गेल्या भाऊबीजेला मीनलच्या माहेरची माणसं आली होती. आई त्यांना अण्णांच्या फोटोकडं हात करून सांगत होती. "ह्यांनी दिली लेकराला. माझ्या कुंकवाचं सोनं करून गेले. खरं तर हिची घेणार होतो," माझ्याकडं बघत म्हणाली, "मी रात्रंदिवस राबले हिच्यामागं, रस काय, पाय चेपणं काय. पण हिनं पथ्य मोडलं."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. मीनल चटकन आत गेली. हर्षद समोर बसला होता, तो ताटातल्या पापडाचे तुकडे करत राहिला. सांगू शकला असता तो. मीही सांगू शकले असते. पण मी आईच्या हाताकडं बघत होते. हाडं वर आलीत आता, कातडं सुटलंय. तोच हात. अजून पहाटे कधी जाग आली की मी डोळे मिटून पडून राहते. माझ्या गालावरनं तो हात खरंच फिरत होता की हर्षदच्या किडनीवरनं, हे मला नीट ठाऊक आहे. तरी पडून राहते. मला तो हवाच वाटतो, काय करू?

आई पुरणपोळ्यांचं ताट घेऊन माझ्यापुढं आली. तीन पोळ्या, वर तुपाची धार, शेजारी कटाची आमटी. मला त्यातलं बहुतेक काही चालत नाही, हे इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलं नाही.

"एवढं नको आई," मी म्हणाले.

"खा की मुकाट्यानं," आई म्हणाली. "आता कुणासाठी बारीक व्हायचंय तुला?"

मी ताट पुढं ओढून घेतलं आणि खाल्लं.